लघुपटांना त्यांचा पडदा परत द्या : महोत्सवाच्या संयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
संयोजन समिती व निवड समितीचे सर्व सदस्य,
आपल्या विभागाचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव

सन्माननीय सदस्यहो,

गेली अकरा वर्षे मी आपल्या महोत्सवाची नोंदणीकृत प्रतिनिधी, म्हणजे शुल्क भरून नोंदणी केलेली प्रेक्षक, आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पोस्टात नोकरी करते. दरवर्षी महोत्सवासाठी आठ दिवसांची रजा राखून ठेवते, पहाटेच्या एसटीने येते, एका नातेवाइकांकडे उतरते आणि सकाळच्या पहिल्या खेळापासून रात्रीच्या शेवटच्या खेळापर्यंत चित्रपट पाहते. इतक्या वर्षांत आपल्याला पत्र लिहावे असे कधी वाटले नाही, कारण मनात कृतज्ञताच अधिक होती. यंदाच्या महोत्सवाचे जे पत्रक आपण पंधरा दिवसांपूर्वी प्रसिद्ध केले, त्यातील दोन निर्णय वाचल्यावर मात्र मला गप्प बसवत नाही.

पहिला निर्णय असा की, लघुपट विभाग यापुढे चित्रपटगृहात दाखवला जाणार नाही. निवडलेल्या लघुपटांच्या लिंक प्रतिनिधींना ईमेलने पाठवल्या जातील आणि त्या ४८ तास सुरू राहतील. दुसरा असा की, नवोदित दिग्दर्शकांच्या स्वतंत्र चित्रपटांचे आजवर दोन खेळ होत, ते आता प्रत्येकी एकच होईल. पडद्यांची अपुरी संख्या आणि प्रेक्षकांचा अल्प प्रतिसाद ही दोन कारणे आपण दिली आहेत. महोत्सवाला सार्वजनिक निधीतून अनुदान मिळते आणि तो आम्हा प्रेक्षकांच्या नोंदणी शुल्कावरही चालतो. म्हणून हे पत्र केवळ आपल्या कार्यालयात न पाठवता सर्वांसमोर ठेवत आहे.

माझा या विषयाशी काय संबंध, हे आधी सांगते. पहिल्या वर्षी मी लघुपट पाहायला आलेच नव्हते. एका परदेशी चित्रपटाच्या रांगेत तासभर उभी राहूनही जागा मिळाली नाही, म्हणून शेजारच्या पडद्यावर जे चालू होणार होते त्याला जाऊन बसले. तेथे एक चौदा मिनिटांचा मराठी लघुपट लागला. एका म्हाताऱ्याने कर्ज फेडण्यासाठी म्हैस विकली आहे आणि तरीही रोज संध्याकाळी धार काढायच्या वेळेला तो रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतो, एवढेच त्यात घडते. संवाद जवळजवळ नाहीत. शेवटच्या दृश्यात गोठ्यात जवळपास अंधार आहे आणि कोपऱ्यातल्या खुंटाला दावे तसेच बांधलेले आहे. आमच्या वडिलांनीही एका उन्हाळ्यात म्हैस विकली होती आणि त्यांनीही दावे सोडले नव्हते. ते कोणाला सांगण्यासारखे आहे असे मला तोवर वाटले नव्हते. तीनशे माणसे त्या अंधारात एकदम गप्प झाली होती. दिवे लागल्यावर दिग्दर्शिका पुढे आली. वय चोविसाच्या आसपास असेल. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तिला विचारले, ‘‘गोठा रिकामा आहे, मग रवंथाचा आवाज कुठून येतो?’’ ती म्हणाली, तो शेजारच्या गोठ्यातला आहे. म्हाताऱ्याला रात्रभर तोच ऐकू येत असणार, म्हणून मुद्दाम ठेवला.

त्या दिवशी मी तिला गाठले, पत्ता घेतला आणि पुढे तिच्या परवानगीने तो लघुपट आमच्या गावच्या हायस्कूलच्या हॉलमध्ये दाखवला. साठेक माणसे होती. ज्यांनी आयुष्यात महोत्सव हा शब्द ऐकला नव्हता असे एक शेतकरी शेवटी म्हणाले, ‘‘दावं तसंच ठिवलंय, ते बरं केलं.’’ तेव्हापासून महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आम्ही काही जण मिळून असे लघुपट दाखवतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक लघुपट मी आधी आपल्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर पाहिलेला आहे आणि प्रत्येकाच्या दिग्दर्शकाशी माझी ओळख आपल्याच चित्रपटगृहाच्या दारात झालेली आहे. आपण ते दार बंद केलेत, तर आमच्या गावातला तो रविवारही बंद होतो. एवढा माझा संबंध आहे.

आता तक्रारींकडे येते. यंदाचा निर्णय अचानक झालेला नाही. गेल्या तीन वर्षांत लघुपटांना एकेक पायरी खाली उतरवण्यात आले आणि आता पायरीच उरली नाही.

सर्वांत आधी जागा गेली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत लघुपट मुख्य संकुलात संध्याकाळी दाखवले जात. मग ते दुपारी गेले, आणि गेल्या वर्षी एक गट वगळता सगळे चार किलोमीटरवरच्या एका महाविद्यालयाच्या सेमिनार हॉलमध्ये, सकाळी साडेनऊ वाजता ठेवण्यात आले. त्या हॉलच्या खिडक्यांना पातळ पडदे होते आणि पूर्वेचे ऊन थेट भिंतीवर येत होते. प्रोजेक्टर वर्गात व्याख्यानाच्या स्लाइड दाखवण्यासाठी असतो तसा. दिग्दर्शकांना आपणच डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवण्यासाठीची खास डिजिटल प्रत, तयार करून आणायला सांगितले होते, आणि विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो खर्च केला होता. प्रत्यक्षात त्या हॉलमध्ये डीसीपी चालवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर फाइल घेऊन चित्रपट दाखवावे लागले. चौकोनी चौकटीत चित्रित केलेला एक लघुपट रुंद ताणून दाखवला गेला आणि त्यातली माणसे बसकी दिसू लागली. दुसऱ्या एकाचे सबटायटल्स पडद्याच्या खाली भिंतीवर पडत होते. तिसरा संपूर्णपणे कंदिलाच्या उजेडात घेतलेला होता. त्यातले आम्हाला काहीही दिसले नाही. आवाज ऐकू येत होते आणि समोर राखाडी चौकोन होता. त्याचा छायाचित्रकार माझ्या मागे भिंतीला टेकून उभा होता. वीस मिनिटे तो तसाच उभा राहिला आणि चित्रपट संपण्याआधी बाहेर निघून गेला. मला त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. अकरा वर्षांपूर्वीचा तो गोठा या हॉलमध्ये दाखवला असता, तर खुंटाला बांधलेले दावे कोणालाच दिसले नसते.

नावेही गेली. पूर्वी आपल्या पुस्तिकेत प्रत्येक लघुपटाचे नाव, भाषा, कालावधी, दिग्दर्शक आणि दोन ओळींचा परिचय असे. गेल्या वर्षीच्या वेळापत्रकात केवळ ‘लघुपट गट १’, ‘लघुपट गट २’ असे छापलेले होते. ज्याने वर्ष-दोन वर्षे खपून पंधरा मिनिटांचा चित्रपट केला, त्याचे नाव महोत्सवाच्या कागदावर कुठेही नव्हते. आपण काय पाहणार आहोत हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नव्हता आणि नंतर काय पाहिले हे शोधायलाही नव्हता. एका गटात नऊ लघुपट सलग लावले होते, आणि वेळ वाचवण्यासाठी प्रत्येकाची श्रेयनामावली कापून लगेच पुढचा सुरू केला जात होता. एक मृत्यू पाहून आपण अजून सावरलेलो नसतो, तोच समोर गाणे म्हणणारी कठपुतळी येते. नऊ लघुपट कोणत्या क्रमाने लावायचे हा विचाराचा भाग आहे. पूर्वी आपल्याकडे तो विचार होत असे आणि आम्हा प्रेक्षकांना तो जाणवत असे.

दिग्दर्शकांशी होणारी दहा मिनिटांची चर्चाही बंद झाली, आणि याचे मला सर्वांत अधिक दुःख आहे. मोठ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला प्रश्न विचारणारे पत्रकार जागोजागी असतात. लघुपट करणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाने प्रश्न विचारण्याची ही बहुधा पहिली वेळ असते. गेल्या वर्षी स्वखर्चाने नांदेडहून आणि सिंधुदुर्गातून आलेली मुले होती; त्यांना महोत्सवाचे पासही स्वतःच्या पैशाने घ्यावे लागले, आणि त्यांचे नाव पुकारलेही गेले नाही.

यात प्रवेशिकांचाही प्रश्न आहे. यंदाच्या प्रवेशिका आपण शुल्क घेऊन मागवल्या, तेव्हा निवड झालेले लघुपट केवळ लिंकवर दाखवले जातील असे कुठेही लिहिलेले नव्हते. चित्रपटगृहात दाखवण्यासाठी दिलेली संमती आणि ईमेलने शेकडो लोकांना फाइल पाठवण्याची संमती यांत फरक आहे. आधी इंटरनेटवर दाखवलेला चित्रपट न स्वीकारणारे महोत्सव आहेत. म्हणजे आपल्या ४८ तासांमुळे एखाद्या लघुपटाचे पुढचे वर्ष वाया जाऊ शकते. हा धोका कोणाला विचारून पत्करला?

स्वतंत्र चित्रपटांविषयी थोडक्यात. त्यांचा दुसरा खेळ हा सोयीचा भाग नव्हता. पहिल्या खेळाला पन्नास माणसे येतात, ती बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर बोलतात, आणि त्या बोलण्यामुळे दुसऱ्या खेळाला रांग लागते. ज्या चित्रपटाचे होर्डिंग लागत नाही, ज्याच्यात ओळखीचा चेहरा नाही, त्याची जाहिरात अशीच होते. एकाच खेळात हे घडणे शक्य नाही. त्यातही गेल्या वर्षी अशा दोन चित्रपटांचे खेळ एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या जाहीर मुलाखतीच्या वेळीच ठेवले होते, आणि निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या पुढच्या तीन रांगा चित्रपट सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली तरी रिकाम्या होत्या. बाहेर पास गळ्यात घालून उभे असलेल्या मुलांना आत सोडले नाही.

आपण दिलेल्या दोन्ही कारणांचा मी मनापासून विचार केला आहे. प्रतिसाद अल्प आहे, हे आपण सेमिनार हॉलमधल्या हजेरीवरून ठरवले असावे. मंगळवारी सकाळी तेथे आम्ही तेवीस जण होतो; मी मोजले होते. पण जो एक गट शनिवारी दुपारी मुख्य संकुलात ठेवला होता, त्याला लोक पायऱ्यांवर बसले होते आणि तितकेच बाहेरून परत गेले. दोन्ही गटांतल्या चित्रपटांचा दर्जा सारखाच होता. फरक जागेचा आणि वेळेचा होता, आणि जागा व वेळ प्रेक्षक ठरवत नाहीत.

पडदे अपुरे आहेत हे कारण मला अधिक समजते, कारण भाडे वाढले आहे हे उघड आहे. तरीही यंदाच्या वेळापत्रकात असे कितीतरी चित्रपट आहेत जे आधीच चित्रपटगृहांत लागून गेले आहेत किंवा घरबसल्या ओटीटीवर पाहता येतात, आणि त्यांना प्रत्येकी दोन खेळ आहेत. त्यांचा एकेक खेळ कमी केला असता तर लघुपटांचे सगळे गट त्या जागेत बसले असते. मोठा चित्रपट मला आज ना उद्या कुठेतरी पाहायला मिळेल. आमच्या तालुक्यातही एक चित्रपटगृह आहे. लघुपट मात्र तिथे कधीच लागणार नाही. त्याला मोठा पडदा मिळतो तो महोत्सवात, आणि तोही बहुतेक वेळा एकदाच.

एके काळी तसे नव्हते. १९४८ साली केंद्र सरकारचे फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि त्यानंतर कित्येक दशके प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी त्यांचे समाचारचित्र किंवा माहितीपट दाखवणे बंधनकारक होते. माझ्या लहानपणी लोक तेवढ्या वेळात शेंगदाणे घ्यायला बाहेर जात, हे खरे आहे. तरी त्या दहा-पंधरा मिनिटांत मी पहिल्यांदा हातमागावर चालणारे हात जवळून पाहिले, आणि ते अजून डोळ्यांसमोर आहेत. ती व्यवस्था गेली. तिच्या जागी उरले ते महोत्सव. मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. केरळ सरकारच्या चलच्चित्र अकादमीने २००८ पासून तिरुवनंतपुरमला केवळ माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव चालवला आहे. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ या मध्यम आकाराच्या शहरात तर लघुपटांसाठी दर फेब्रुवारीत माणसे थंडीत रांगा लावतात. प्रेक्षक मुळात नसतोच, असे यांपैकी कोणी गृहीत धरले नाही.

आणि आपण तर महाराष्ट्रात आहोत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात देशातले पहिले जे चित्रपट दाखवले गेले, त्यांतला प्रत्येक जेमतेम मिनिटभराचा होता. सावेदादा म्हणजे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली, तीही काही मिनिटांचीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडी थोडी फिल्म घेतली, आणि रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवणारा तो छोटा चित्रपट पाहून त्यांच्यावर विश्वास ठेवणारी माणसे पुढे आली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. तो वाटाणा कोणीतरी अंधाऱ्या खोलीत, नीट बसून पाहिला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याच काळातली उदाहरणे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा लघुपट आधी आला आणि ‘वळू’ हा मोठा चित्रपट नंतर. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे ‘फँड्री’ झाला. २०२४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटाला कान महोत्सवात चित्रपट शाळांच्या स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्याआधी कानवडे लघुपटच करत होते. असे यश मिळाले की आपण सगळेच अभिमानाने बोलतो. मात्र लघुपटांचे मोल मी पुरस्कारांवरून मोजत नाही. त्या गोठ्याच्या लघुपटाची दिग्दर्शिका पुढे मोठा चित्रपट करू शकली नाही. ती आता एका शाळेत शिकवते. म्हणून तिची ती चौदा मिनिटे कमी ठरत नाहीत. लघुपट ही मोठ्या चित्रपटाकडे जाण्याची नुसती पायरी आहे असे मानले, की त्याला कुठेही, कसेही दाखवले तरी चालते असे वाटू लागते, आणि मला भीती आहे की समितीत तेच झाले आहे.

लिंकविषयीही एक व्यावहारिक गोष्ट सांगते. महोत्सवाच्या आठवड्यात प्रतिनिधी सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत चित्रपटगृहात असतात. त्याच दिवसांत ४८ तास सुरू राहणारी लिंक त्यांनी केव्हा उघडावी? बसमध्ये, फोनवर, एका कानात इअरफोन घालून? आपल्या निवड समितीने लघुपट निवडताना तसे पाहिले नसणार, याची मला खात्री आहे.

यास्तव माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

लघुपट विभाग यंदाच्याच महोत्सवात मुख्य संकुलातील पडद्यावर परत आणावा, आणि त्याचे किमान दोन गट संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवावेत. एखाद्या दिग्दर्शकाने लेखी संमती दिली तर महोत्सव संपल्यानंतर लिंकही द्यावी. पडद्याऐवजी मात्र देऊ नये.

प्रत्येक लघुपटाचे नाव, भाषा, कालावधी आणि दिग्दर्शकाचे नाव वेळापत्रकात छापावे. एका गटात सहापेक्षा अधिक लघुपट नसावेत, श्रेयनामावली पूर्ण दाखवावी आणि शेवटी चर्चेसाठी पंधरा मिनिटे राखावीत.

खेळाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत प्रत्येक चित्रपटाची पडद्यावर चाचणी घ्यावी. चौकट, आवाज, सबटायटल्स पाहायला दहा मिनिटे पुरतात.

निवड झालेल्या लघुपटाच्या दोन व्यक्तींना विनामूल्य पास द्यावा. ज्यांना आताची पद्धत मान्य नसेल त्यांचे प्रवेशिकेचे शुल्क परत करावे.

स्वतंत्र चित्रपटांचे दोन खेळ पूर्ववत करावेत आणि खेळ सुरू होण्याआधी पाच मिनिटे राखीव खुर्च्या रांगेतल्या लोकांसाठी खुल्या कराव्यात.

यातले काही शक्य नसेल तर तसे कारणांसह जाहीर कळवावे. निर्णय घेण्यापूर्वी प्रतिनिधींची एक खुली बैठक बोलावली तर मी रजा काढून येईन, आणि माझ्यासारखे आणखी अनेक जण येतील. पडद्यांची अडचण खरोखर असेल तर त्यावर काम करायला आम्ही तयार आहोत: रांगा सांभाळणे, पुस्तिकेचा मजकूर तयार करणे, दिग्दर्शकांची राहण्याची सोय आपापल्या घरी करणे, हे आम्ही आनंदाने करू.

महोत्सवाचे अंतिम वेळापत्रक पुढच्या महिन्यात जाहीर होणार आहे. त्यापूर्वी आपले उत्तर यावे, ही विनंती. या वर्षीची माझी रजा मंजूर झाली आहे आणि नोंदणीही मी केली आहे.

आपली विश्वासू,
लघुपट विभागाची एक जुनी प्रेक्षक
जिल्हा सातारा